पाच जणी, एक कुत्रा आणि १४ किलोमीटरचा किनारा: न्यावा की ठेवावा?

चालतीबोलती

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण भानगडी बऱ्याच असल्यानं थोडं सविस्तर लिहिते.

आम्ही पाच मैत्रिणी, कॉलेजपासूनच्या. वर्षातून एकदा तरी कुठंतरी पायी भटकायचं ठरवतो, कधी जमतं, कधी नुसतंच ठरतं. यंदा समुद्राकाठचा एक टप्पा काढलाय. साधारण १४ किलोमीटर, सकाळी एका टोकाला निघायचं आणि दुपारी दुसऱ्या टोकाला पोचायचं. सुरुवातीला लांबच लांब वाळू, मग एका खाडीचं मुख (ओहोटीला पायी ओलांडता येतं म्हणतात), त्यापुढं खडकाळ पट्टा आणि शेवटी कड्यावरून जाणारी पायवाट. जागेचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की मूळ प्रश्न बाजूला राहतो आणि राहायला कुठं चांगलं यावरच चर्चा रंगते.

तर प्रश्न बोक्याचा. बोक्या हा कुत्रा आहे. नावावरून करायचे ते सगळे विनोद करून झालेत, कृपया नवीन असेल तरच टाका. वय सहा, वजन २२ किलो, आईबाप कोण ते त्यालाच ठाऊक. रोज सकाळ-संध्याकाळ मिळून तास-दीड तास चालतो. हाक मारली की येतो, म्हणजे समोर पक्षी नसला तर. पाण्याचं वेड आहे, पण तळ्यातल्या पाण्याचं. लाट म्हणजे काय ते त्यानं पाहिलेलं नाही.

आता माणसं. एकीचा तो लाडोबा आहे, ती त्याला दिवसभर काठ्या फेकत बसेल. एक झपाझप पुढं जाते आणि मग कमरेवर हात ठेवून आमची वाट बघते. एक फोटो काढत सगळ्यांच्या मागं रेंगाळते. आणि एक कुत्र्यांना घाबरते. ती म्हणाली, "आण गं, मला चालेल." पण हे म्हणताना ती माझ्याकडं नाही, फोनकडं बघत होती.

त्याला घरी ठेवायची सोय आहे, शेजारच्या काकू सांभाळतात. म्हणजे न्यायलाच हवं असं नाही, पण मला न्यावंसं वाटतंय. "मजा येईल, ने की" आणि "मुक्या जीवाचे हाल करू नकोस" ही दोन्ही उत्तरं घरातच मिळाली आहेत. मला त्यापलीकडचं काहीतरी हवंय.

फुकटसल्ला

न्या. गर्दी वाटलीच तर पाचातली एखादी कमी करा.

कातळावरचा

कुत्र्याचं नंतर बघू, आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढा. किनाऱ्यावर १४ किलोमीटर या आकड्याला एकट्याला काही अर्थ नाही. ओहोटी असताना पाण्याच्या कडेनं ओल्या, घट्ट वाळूवरून चाललात तर फारसं जाणवणार नाही. भरती वर आली की तुम्हाला कोरड्या, सैल वाळूत सरकावं लागतं आणि तिथं प्रत्येक पाऊल मागं घसरतं. सैल वाळूत त्याच वेगानं चालायला टणक जमिनीच्या दुपटीहून जास्त शक्ती खर्च होते, हे प्रयोग करून मोजलेलं आहे. म्हणजे चुकीच्या वेळी निघालात तर पहिला पट्टाच तुम्हाला दमवणार आणि कडा चढायची वेळ येईल तेव्हा पाय बोलायला लागलेले असणार.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. एका भरतीनंतर पुढची साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणून वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढं सरकत जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खूप खालीही जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा चढउतार कमी. उधाण म्हटलं की लोक घाबरतात, पण खाडी पायी ओलांडायची असेल तर उधाणाचीच ओहोटी पाणी सगळ्यात खाली नेते. मात्र तेवढंच सगळं पाणी पुन्हा सहाएक तासांतच परत यायचं असतं, हे विसरायचं नाही.

शिवाय ते एकसारख्या चालीनं येत नाही. दर्यावर्दी लोकांचा ढोबळ हिशेब आहे. एकूण चढाचे बारा हिस्से करा. भरती लागल्यावर पहिल्या तासात एक हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. पहिला तासभर "कुठं काय, पाणी तर तिथंच आहे" असं वाटत राहतं आणि मधल्या दोन तासांत निम्मी भरती होऊन जाते. माणसं अडकतात ती या दोन तासांत.

आता तुमची खाडी. बहुतेक जण ऐन ओहोटीच्या मिनिटाला पोचायचं ठरवतात. मी तासभर आधी पोचा म्हणेन. तेव्हा पाणी अजून उतरत असतं आणि ओढही मंदावलेली असते. कुणाची चप्पल गाळात रुतली, कुणी फोटोत अडकलं, कुत्र्यानं पाय रोवून "मी नाही येत" म्हटलं, तरी हाताशी वेळ राहतो. मुखापाशी मध्ये वाळूचा उंचवटा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना सखल पट्टे. भरती आधी त्या सखल पट्ट्यांतून शिरते, तुमच्या पाठीमागून. समोर कोरडी वाळू दिसत असते म्हणून माणूस निवांत उभा राहतो आणि मागं वळून बघतो तर आलेली वाट पाण्याखाली.

आणि आता कुत्रा. जे पाणी तुमच्या गुडघ्याला लागतं ते २२ किलोच्या कुत्र्याच्या पाठीपर्यंत येतं. तुम्ही चालत असता तेव्हा तो पोहत असतो आणि वाहत्या पाण्यात पोहणारा आडवा जातो. त्याला पट्ट्याऐवजी हार्नेस घाला, पाठीवर मूठ असलेला. दोरी हातात धरा, पण मनगटाला गुंडाळू नका आणि कमरेला तर मुळीच बांधू नका. वेळ आली तर सोडता आली पाहिजे.

चालतीबोलती

बाप रे. हे मी दोनदा वाचलं. आम्ही "सकाळी सातला निघू" एवढंच ठरवलं होतं, म्हणजे ती वेळ आमच्या सोयीची, समुद्राच्या नाही.

एक शंका. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते असं लहानपणी ऐकलंय. तो हिशेब चालेल का?

कातळावरचा

तो आडाखा खरा आहे, पण ज्या किनाऱ्यावर तो बसवला गेला तिथल्यापुरताच. भरतीची वेळ चंद्रावर असते तशीच किनाऱ्याच्या आकारावर आणि समुद्राच्या खोलीवरही असते. दुसऱ्या किनाऱ्यावर तोच हिशेब काही तासांनी चुकू शकतो. काही ठिकाणी तर दिवसातून एकच भरती येते. तेव्हा त्या जागेला जवळ असलेल्या बंदराचं छापील किंवा ऑनलाइन वेळापत्रक बघा. त्यातला आकडाही अंदाजच असतो. समुद्राकडून जोराचा वारा असेल किंवा हवेचा दाब उतरलेला असेल तर पाणी छापल्यापेक्षा वर येतं. वारा फार असेल त्या दिवशी खाडीचा नादच सोडा, गाडीनं वळसा घाला.

चौपायी_डॉक्टर

पशुवैद्यक आहे म्हणून लिहितोय. सहा वर्षांचा, रोज चालणारा कुत्रा १४ किलोमीटर चालू शकतो. मला काळजी १४ ची नाही, त्याच्या खऱ्या अंतराची आहे. तुमची एक मैत्रीण पुढं, एक मागं, मध्ये तिघी. मोकळा सोडलात तर तो सगळ्यांना एकत्र ठेवायच्या खटपटीत पुढून मागं आणि मागून पुढं फेऱ्या मारत राहील. तुमचे १४ होतील तेव्हा त्याचे किती झाले याचा पत्ता लागणार नाही. आणि घोळक्यात असताना तो थांबत नाही. एकट्या मालकाबरोबर असला तर सावलीत बसकण मारेल, पाच जणी चालत असतील तर जिभेचा पट्टा लोंबेपर्यंत चालेल.

यापेक्षा मोठी अडचण माणसांची आहे. गटात आलेला कुत्रा सगळ्यांचा होतो आणि सगळ्यांचा झाला की कुणाचाच राहत नाही. पाणी पाजलं का विचारा, प्रत्येकीला वाटतं दुसरीनं पाजलं असेल. मघाशी वाळूत तोंड घालून त्यानं काय खाल्लं विचारा, पाहिलेलं कुणीच नसतं. तेव्हा एका वेळी एकच जण जबाबदार. दोरी दुसरीकडं द्यायची तर तोंडानं सांगून द्यायची: "आता तुझ्याकडे, अर्ध्या तासापूर्वी पाणी प्यायलाय." हसू येईल, पण करा.

पाण्याबद्दल. घरी बसलेल्या कुत्र्याला दिवसाला किलोमागं साधारण ५० ते ६० मिली पाणी लागतं, म्हणजे तुमच्या बोक्याला सव्वा लिटरच्या आसपास. उन्हात चालताना त्याहून बरंच जास्त. एकट्या त्याच्यासाठी दोन लिटर तरी घ्या आणि तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं देत राहा. कारण तो तहानला की समुद्राचं पिणार. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. दोन-चार घोट गेले तर जुलाब-उलटीवर भागतं. जास्त गेलं तर रक्तातलं सोडियम वाढतं, कुत्रा झोकांड्या खायला लागतो, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. मुद्दाम पितो तेवढंच नाही, लाटेतून चेंडू आणताना दर वेळी तोंड भरून पाणी जातं, ते मालकांच्या हिशेबात नसतं. खेळ हवाच असेल तर कोरड्या बाजूला.

आणि तुमच्या काठीवाल्या मैत्रिणीला सांगा, काठी नको. वाळूत टोक रुतून उभी राहिलेली काठी धावत येणाऱ्या कुत्र्याच्या टाळूत किंवा घशात घुसते. अशा जखमा आम्ही शिवतो. बाहेरून थेंबभर रक्त दिसतं आणि आत चिरफळ्या राहिलेल्या असतात.

उन्हाचं. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पंजांना. बाकी सगळं काम धापा टाकून चालतं आणि दमट हवेत ते नीट चालत नाही. त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ सेल्सिअसच्या आसपास असतं, ४१ च्या वर गेलं की अवयव बिघडायला लागतात. जीभ रुंद होऊन बाहेर आली, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ घट्ट झाली, चाल लटपटली, की तिथंच थांबायचं. गाडीपर्यंत चालवत नेऊ नका. आधी गार करा, मग हलवा. समुद्र समोरच आहे, ते पाणी अंगावर ओतायला उत्तम. तोंड वर धरून पोटावर, मांड्यांमध्ये, अंगभर ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, त्यानं उष्णता आत कोंडते. मग थेट दवाखाना. शुद्धीवर दिसला तरी.

किनाऱ्यावर पडलेल्या गोष्टींपैकी मला तीन सगळ्यात जास्त छळतात. एक, फुगणारा काटेरी मासा. वाळून कडकडीत झाला तरी त्यातलं विष जात नाही आणि त्यावर उतारा औषध नाही. दोन, जेलीफिश आणि निळ्या फुग्यासारखं दिसणारं ब्लू बॉटल. मेल्यावरही त्यांच्या तंतूंतल्या डंख मारणाऱ्या पेशी शाबूत असतात. कुत्र्याच्या नाकाला-ओठाला लागलं तर वाळूनं चोळू नका, गोड्या पाण्यानंही धुऊ नका, समुद्राच्याच पाण्यानं धुवा आणि तंतू चिमट्यानं काढा. तीन, आमिष लावलेला गळ. कुत्रा तो गिळतो आणि तोंडातून दोरा लोंबत राहतो. तो दोरा ओढायचा नाही. आत गेलेला आकडा ओढला की रुतत जातो. दोरा तोंडापाशी कापायचाही नाही, लांब ठेवून पट्ट्याला बांधा आणि निघा. तो दोरा बघून आम्हाला आकडा कुठं आहे ते कळतं.

चालतीबोलती

डॉक्टर, हे सगळं आमच्या ग्रुपवर टाकलं. काठीवालीचं उत्तर आलं: "मग मी येऊन करू काय?" तिला पाण्याच्या बाटलीचं खातं दिलंय. फोटोवालीनं विचारलं की बोक्याच्या मागं कॅमेरा घेऊन ती लाटेत उतरली तर चालेल का. यावर कुणीतरी नीट झापा, माझं ती ऐकत नाही.

कातळावरचा

झापतो. ब्रिटनमध्ये समुद्रावर जीव वाचवणारी आरएनएलआय नावाची संस्था आहे, १८२४ पासूनची. कुत्रेवाल्यांना तिचं सांगणं एकच असतं: कुत्रा पाण्यात गेला तर त्याच्यामागं जाऊ नका. मालक बुडतो आणि कुत्रा दुसरीकडून अंग झटकत बाहेर येतो, असं खरंच घडतं. तो जिथून चढू शकेल अशा जागी तुम्ही सरका आणि तिथून हाका मारा. तो तुमच्या दिशेनं पोहत येतो. तुम्ही खडकाच्या टोकावर उभं राहून हाका मारल्यात तर तो त्या खडकाकडंच येणार आणि लाट त्याला त्यावर आपटणार. म्हणून आधी स्वतः उतरत्या वाळूकडं चला, मग हाक मारा.

लाटांच्या रांगेत मध्येच एक शांत, गडद पट्टा दिसला आणि तिथं लाटा फुटत नसतील, तर उतरायला बरी जागा म्हणून तिकडं जाऊ नका. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथून परत आत वाहत असतं.

लांबूनच_बरं

मी कुत्र्यांना घाबरणाऱ्या पक्षाकडून लिहितो, कारण या धाग्यावर आमचं कुणी नाही.

तुमची मैत्रीण "चालेल" म्हणाली याचा अर्थ बहुतेक असा, की पाच जणींचा बेत आपल्यामुळं मोडला हे तिला नको आहे. मीही असाच म्हणतो. मग दिवसभर कुत्रा कुठं आहे याकडंच लक्ष. समुद्र बघितला का विचाराल तर नाही, शेपटी बघितली.

आम्हाला सगळ्यात नकोसा असतो तो कुत्रा मागून येणारा. समोर दिसतो तोवर एकवेळ ठीक. म्हणून तिला कुत्र्याच्या पुढं चालायला लावू नका, मागं किंवा बाजूनं थोडं अंतर ठेवून चालू द्या, आणि मध्ये एखादं माणूस असू द्या. "काही करत नाही तो", "वास घेतोय फक्त", "तू घाबरलीस की त्याला कळतं" ही तिन्ही वाक्यं बंद. तिसरं तर फारच वाईट, कारण त्यानं आम्ही आपल्या घाबरण्यालाही घाबरायला लागतो. हात लाव, बिस्कीट दे वगैरे प्रयोग पाच जणींच्या समोर नकोत. तिला वाटलं तर ती आपणहून करेल, नाही वाटलं तर नाही करणार. दोघंही शहाणे आहेत.

आणि तिला एकटीला विचारा. ग्रुपवर नको. "आणू का" असंही नको, त्याला "हो"च येतं. नेमकं काय नको आहे ते विचारा.

टिटवी

पक्षी नसला तर हाक ऐकतो, हे वाक्य वाचून इकडं आले. किनाऱ्यावर पक्षी नाही असं कधी होत नाही.

ओहोटीला जी ओली वाळू तुम्हाला चालायला बरी, तीच चिखल्या, तुतारी यांच्यासारख्या छोट्या पाणपक्ष्यांची खायची जागा. भरती आली की ती मिटते. हजारो किलोमीटर उडून आलेल्यांना त्या थोड्या तासांतच पोट भरायचं असतं. कुत्रा मजेत एकदा धावला की अख्खा थवा उडतो, पुन्हा बसतो, पुन्हा उडतो. त्यानं एकही पक्षी पकडला नाही म्हणजे काही बिघडलं नाही, हे कुत्रेवाल्यांचं गणित मला कधी पटलेलं नाही.

भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळूही मोकळी नसते. काही पक्षी तिथंच साधा खळगा करून अंडी घालतात, वाळूच्याच रंगाची, ठिपक्या-ठिपक्यांची. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. कासवांची अंडी त्याच पट्ट्यात वाळूखाली असतात आणि कुत्र्याचं नाक ती शोधून काढतं. काही किनाऱ्यांवर या हंगामात कुत्र्यांना बंदीच असते, निघण्यापूर्वी ते बघा. नसली तरी दोरी सोडू नका. कड्यावर तर अजिबातच नाही. तिथं पक्षी कड्याबाहेर उडतो आणि मागं धावणाऱ्याला कडा संपल्याचं उशिरा कळतं.

विष्ठा पिशवीत. "लाट घेऊन जाईल" म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही.

फुकटसल्ला

कुत्रा बोक्या आणि सल्ला देणारी टिटवी. आता फक्त कासवानं लिहायचं बाकी आहे.

चालतीबोलती

हा नवीन होता, चालेल.

लांबूनच_बरं, तुमचं ऐकून काल तिच्याकडं गेले आणि नेमकं काय नको ते विचारलं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, चालताना काही नाही गं, वाळूवर भरपूर जागा असते, मला गाडीतलं नको. मागच्या सीटवर तो शेजारी, दारं बंद, आणि त्याचं तोंड माझ्या कानाशी. मी किनाऱ्यावरच्या सगळ्या शक्यतांचा विचार करत बसले होते आणि हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दोरीला आहे तोवर तिला चालणार आहे, हे तिनं या वेळी माझ्याकडं बघून सांगितलं.

आता अडचण अशी. एका टोकाला निघून दुसऱ्या टोकाला पोचायचं, म्हणजे तशाही दोन गाड्या लागणारच. पण एक गाडी शेवटाला ठेवून सगळ्यांनी दुसरीतून सुरुवातीला यायचं म्हटलं की तेवढ्या वेळेपुरत्या पाच बायका आणि बोक्या एकाच गाडीत. नेमकं तेच व्हायला नको आहे.

कातळावरचा

सगळ्यांनी कशाला हिंडायचं? दोन्ही गाड्या आधी सुरुवातीच्या टोकाला आणा, एकीत बोक्या आणि दुसरीत ती. तुम्ही सगळ्या तिथं उतरा. दोघी चालवणाऱ्या फक्त दोन्ही गाड्या घेऊन शेवटाला जातील, एक तिथं ठेवतील आणि दुसरीतून परत येतील. शेवटी याच्या उलट. दोघी चालवणाऱ्या आणि तुमची घाबरणारी मैत्रीण अशा तिघी तिथल्या गाडीनं सुरुवातीच्या टोकाला जातील. तिथून ती दुसऱ्या गाडीनं थेट घरी, आणि पहिली गाडी तुम्हाला न्यायला परत. फक्त या जाण्या-येण्याचा वेळ ओहोटीच्या हिशेबात आधीच धरा. बहुतेकांचा उशीर खाडीपाशी होत नाही, गाड्या लावण्यात होतो.

चालतीबोलती

म्हणजे मी आणि बोक्या दोन्ही टोकांना गाड्यांची वाट बघत बसणार. बसू. तेवढ्यात त्याचं हुंगणं आणि पाय वर करणं उरकून होईल.

वेळापत्रक काढलं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ओहोटी सकाळी उशिरा आहे. पण पहिली वाळू, खाडी आणि खडक हे सगळं त्या वेळात बसवायचं म्हटलं तर निघायला लागतं साडेसहाला, आणि गाड्यांचं धरून त्याच्याही आधी. झपाझपवाली खूश आहे. बाकीच्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही. त्या आधी एका रविवारी मी एकटीच त्याला घेऊन पहिल्या वाळूचा तुकडा चालून येते, लाट बघून तो काय करतो ते कळेल. डॉक्टर, परत आल्यावर काय करायचं तेवढं सांगा.

चौपायी_डॉक्टर

एकटीनं आधी जाऊन यायचं हे उत्तम. वाळूवर चालायच्या आधी हाताची मागची बाजू सात-आठ सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही, मग ओल्या पट्ट्यातूनच न्या. खडकाळ भागात शिंपले आणि खडकाला चिकटलेले कालवांचे कवच पंजे कापतात, बोटांच्या मधली कातडी तर सहज. दर थांब्याला एकेक पंजा उचलून बघा. खाडीजवळच्या साचलेल्या हिरवट पाण्यावर त्याला तोंड लावू देऊ नका, गोडं असलं तरी.

परत आल्यावर गोड्या पाण्यानं अंग धुवा, विशेषतः पोट, काखा आणि बोटांच्या फटी. मीठ वाळलं की तो चाटत बसतो. कान बाहेरून कोरडे करा, आत कापूस खुपसू नका. हार्नेसही धुऊन टाका, नाहीतर कड्या गंजतात. दोन दिवस शी होते का याकडं लक्ष ठेवा. वाळू पोटात गेली असेल तर ती आतड्यात साचते. उलटी, पोट धरून बसणं आणि शी बंद, असं एकत्र दिसलं तर वाट बघू नका.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेपूट मुळापासून काठीसारखी लोंबती दिसली, हलेना, बसताना कण्हला, तर घाबरून मला मध्यरात्री फोन करू नका. पोहून किंवा दमून शेपटीचे स्नायू आखडतात, कुत्र्यांमध्ये ते बऱ्यापैकी दिसतं. दवाखान्याच्या वेळेत एकदा दाखवा, विश्रांती द्या, काही दिवसांत उतरतं. माणसांसाठी असलेली दुखण्याची गोळी मात्र देऊ नका, अर्धीसुद्धा नाही.